पोर्टलंडचा शुक्रवार

एल्डन थिबोडोने एकतीस वर्षे रटलंड गावातली घरे गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त केल्या आणि उरलेल्या आयुष्यात ‘लूज ग्रॅव्हल’ बँडचे दोनशे अकरा कार्यक्रम टेप केले. उंच दांड्यावर माइक लावून तो मशीनशी उभा राही. शेजारी कुणी टाळी वाजवली तर असा बघे, की त्या माणसाला आपल्या हातांची लाज वाटावी.

त्याच्या टेपांतली सर्वांत पूज्य टेप एक्याण्णव सालची, पोर्टलंडच्या शुक्रवारची. तिच्यात एकच गाणे चौतीस मिनिटे चालते. कुठला कार्यक्रम श्रेष्ठ, हा वाद बँडच्या चाहत्यांत जन्मभर चालतो. पण पोर्टलंडचा शुक्रवार निघाला की आवाज खाली येतात.

या वसंतात एल्डनने मूळ टेप पुन्हा लावली. चाहत्यांसाठी प्रती काढताना तो गाण्यांमधली बडबड कापून टाकत असे. मुळात ती होती. गायक म्हणत होता, ‘उद्या रविवार, कामाला कोण जातंय?’

म्हणजे ती रात्र शनिवारची. पोर्टलंडच्या लागोपाठच्या दोन रात्रींच्या टेपांवर तारखा त्यानेच उलट्या टाकल्या होत्या. पुढच्या महिन्यात बँड स्वतःच त्या दोन्ही रात्रींची ध्वनिमुद्रणे खऱ्या तारखांसह बाजारात आणणार होता. आणि त्याचा मित्र गॉर्डी फक्त शुक्रवारी हजर होता. पुढे गॉर्डीची नोकरी गेली, गुडघे गेले. ‘मी तिथे होतो’ एवढे उरले. हे त्याला परक्याकडून कळू नये, असे एल्डनला वाटले.

पुढच्या कार्यक्रमाआधी मैदानाच्या पार्किंगमध्ये गॉर्डीची बायको डार्लीन शेगडीवर चीज सँडविच भाजत होती. एक पोरगेलासा चाहता म्हणाला, “शिकागो जास्त भारी होतं, काका.”

“तू तेव्हा जन्मला तरी होतास का?” गॉर्डी म्हणाला. “पोर्टलंडला विसाव्या मिनिटाला माझ्या डोळ्यांतून धार लागली होती.”

“गॉर्डी,” एल्डन म्हणाला, “ते शनिवारी झालं. चूक माझी आहे.” आणि त्याने सगळे सांगितले.

गॉर्डीने हातातले सँडविच खाली ठेवले. “तुला काय माहीत? तू ऐकत कुठे होतास? मशीनच्या सुया बघत होतास.”

“त्या शनिवारी आपण माझ्या बहिणीच्या लग्नात होतो,” डार्लीन म्हणाली. “केक कापताना रडलास तू. आईला वाटलं, जावई किती हळवा आहे.”

“ते रडू आदल्या रात्रीच्या गाण्याचंच होतं,” गॉर्डी म्हणाला. “लाव. खरा शुक्रवार लाव.”

एल्डनने व्हॅनचे दार उघडून ती दुसरी टेप लावली. तेच गाणे, अकरा मिनिटांचे. गिटारची एक तार उतरलेली, बेसूर. त्याने ही टेप कधी कुणाला दिली नव्हती. सातव्या मिनिटाला गॉर्डीने डोळे मिटले आणि त्याच्या गालांवरून धार लागली.

“हीच,” तो म्हणाला. “इतकी वर्षं तू लोकांना भलतीच टेप वाटत होतास, गाढवा.”

पोरगेलासा चाहता खाकरला. “खरं सांगू? चौतीस मिनिटांचं मला जरा लांबलेलंच वाटायचं.”

आणखी दोघांनी होकारार्थी माना डोलावल्या. संध्याकाळपर्यंत एल्डनकडे या टेपच्या नऊ प्रती मागून झाल्या होत्या. तार उतरलेली आहे, हे त्याने प्रत्येकाला सांगून पाहिले.

“तेच तर,” प्रत्येक जण म्हणाला.