अण्णाजींची बादली आणि मोनालीच्या डिस्क

नाचणगावच्या मोनालीच्या गॅरेजवर पाटी आहे: ‘फक्त ब्रेक’. इंजिनाचं काम घेऊन कुणी आलं की ती त्याला सरळ पुलगावचा रस्ता दाखवते. आयटीआयच्या वर्गात ही एकटी मुलगी. पुढे वर्ध्याच्या ज्या गॅरेजात लागली तिथं दोन वर्षं हिच्या वाट्याला नुसते ब्रेक आले, कारण ते धुळीचं, काळं काम बाकीच्या शहाण्यांना नको होतं. मोनालीनं त्यातच नाव काढलं. “गाडी पळवाले काय, कोणीबी पळवते,” ती म्हणायची. “थांबवून दाखवा म्हणा.”

हे नाव गेल्या मे महिन्यात पार पणाला लागलं.

झालं असं, की गावातल्या विवेक सरांकडे लाल रंगाची, बसकी, टर्बोची गाडी आहे. सर वर्ध्याला फिजिक्स शिकवतात. उन्हाळ्यातही सीईटीचे क्लास, म्हणजे रोज जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. एरवी माणूस गरीब, पण स्टेअरिंग हातात आलं की त्यांच्या अंगात येतं. या गाडीच्या पुढच्या ब्रेक डिस्क, म्हणजे चाकाआडच्या लोखंडी तबकड्या, वाकड्या झाल्या म्हणून मोनालीनं मार्चमध्ये नव्या बसवल्या. दोन महिन्यांत त्याही गेल्या. ब्रेक दाबला की स्टेअरिंग हातात थडथड करायचं.

सरांनी गवगवा केला नाही. तो केला त्यांच्या वडिलांनी, अण्णाजींनी. पानठेल्यावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, “पोरगी चांगली हाये, पन ब्रेकचं काम का बाईच्या हातचं हाये?” शाळेच्या बारा व्हॅनचा पुढारी तानबा हे कान देऊन ऐकत होता. शाळा सुरू व्हायच्या आत या बाराही व्हॅनचे ब्रेक कुणाकडून करून घ्यायचे, हे त्यालाच ठरवायचं होतं. त्यानं मोनालीला तोंडावर सांगितलं, “सरची गाडी नीट झाली तं माह्या गाड्या तुयाकडे. नाई तं वर्ध्याले. लेकरं बसतात त्याच्यात.”

मोनालीला राग आला, पण शेवटचं वाक्य तिलाही पटलं.

दुसऱ्या दिवशी सर मोबाइल घेऊन आले. पडद्यावर भोकंच भोकं पाडलेली, वर चरे मारलेली झगमगीत डिस्क. “मोनालीताई, या वेळी अशी मागवू. शर्यतीच्या गाड्यांना असते. भोकांतून गरमी निघून जाते.”

“अन् भोकांपासून तडेबी जातात सर. चऱ्यानं ब्रेकचं पॅड लवकर झिजते. तुमाले शर्यत थोडी लावाची हाये? क्लासले जाऊन घरी येनं हाये.”

सर हिरमुसले. खरं सांगायचं तर मोनालीच्या सोयीची ती भोकांचीच डिस्क होती. ती बिघडली असती तर ‘तुम्हीच सांगितली होती’ म्हणून मोनाली मोकळी झाली असती. साधी डिस्क बिघडली तर मात्र सगळं खापर हिच्याच डोक्यावर फुटणार. रात्रभर विचार करून तिनं साधीच ठरवली. नागपूरहून तीन कंपन्यांच्या डिस्क मागवल्या. तिन्ही तोलून पाहिल्या; एक हातात घेताच हलकी लागली, ती बाजूला. दुसरीच्या दोन पत्र्यांमधली हवेची खाच अरुंद, तीही बाजूला. तिसरी साधी, जड, जाड, आतून हवा खेळती. “ही,” ती म्हणाली. सरांच्या चेहऱ्यावर काही आनंद दिसला नाही.

पण चांगली डिस्क निवडून काम भागणार नव्हतं. आधीची तरी कुठं वाईट होती? जुनी काढून ती उन्हात घेऊन बसली, उलटीपालटी केली. मधल्या टोपीसारख्या उंचवट्यावर बाहेरच्या बाजूनं गंजाचे ओघळ होते, वरून खाली. आतली बाजू कोरडी.

“सर, गाडी धुता कवा?”

“रविवारी सकाळी. थंड असताना.”

सर खोटं बोलणारे नव्हते आणि ओघळही खोटे नव्हते. मोनालीनं चाकाचा हब घासून साफ केला, नवी डिस्क बसवली, वाकडेपणा दाखवणारं डायल लावून फिरवली. काटा जागचा हलला नाही. मग म्हणाली, “उद्या क्लास सुटल्यावर मले पुलगावले घ्या. तुमच्यासंग घरापर्यंत येतो.”

दुपारी एकला, सूर्य डोक्यावर, सरांनी पुलगावपासून सवयीप्रमाणे गाडी दामटत आणली आणि अंगणात जोरात ब्रेक मारून उभी केली. उतरले ते थेट घरात, कूलरसमोर. मोनाली गाडीतच बसून राहिली. दोन मिनिटांत मागच्या दारानं अण्णाजी आले, हातात रांजणातल्या गार पाण्यानं भरलेली बादली. पुढच्या चाकाशी वाकले आणि बादली उचलली.

“अण्णाजी, थांबा!” मोनाली दार उघडून चाकाच्या आडवीच उभी राहिली. अर्धी बादली तिच्या अंगावर आली. अशा उन्हात तिला बरंच वाटलं असणार, पण ते तिनं दाखवलं नाही.

“काऊन वं? उन्हाळ्यात चाकाले पानी पाजा लागते. जलमभर पाजलं मी बैलबंडीच्या चाकाले. नाई तं चाक ढिलं होते.”

रोज, न चुकता, मुलाच्या काळजीपोटी हा म्हातारा चारही चाकांना पाणी पाजत होता, आणि कूलरसमोरच्या फिजिक्सच्या मास्तरांना पत्ता नव्हता! मोनालीला हसावं की रडावं कळेना. तरी तिनं आवाज चढवला नाही.

“अण्णाजी, बंडीचं चाक कायचं राहे?”

“लाकडाचं.”

“मंग पानी लाकूड पीत होतं. फुगून घट्ट बसत होतं. अन् वरची लोखंडी धाव बसवाची, तवा काय करत होते?”

अण्णाजींचे डोळे चमकले. हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. “धाव तापवून लाल कराची, चाकावर चढवाची, अन् भसकन पानी टाकाचं. मंग थे आवळते.”

“इथं लाकूड नाई. आत सगळी तापलेली धावच हाये. तुमी बाहेरून पानी मारता, तेवढीच बाजू आवळते, अन् डिस्क वाकडी होते.”

अण्णाजी चाकाच्या आऱ्यांतून आत बघत राहिले. हात लावायला गेले, आणि धग लागताच बोटं मागं घेतली. मग उरलेलं पाणी त्यांनी कडुनिंबाच्या बुडाशी ओतलं. आतून टॉवेल घेऊन सर आले आणि सगळं ऐकून खांबाला टेकले. “मी हेच शिकवतो गं,” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

जूनच्या मध्यात तानबा स्वतः त्या लाल गाडीत बसला. देवळी रस्त्याच्या मोकळ्या पट्ट्यात त्यानं ऐंशीवरून ब्रेक दाबला. एकदा, दोनदा, सहादा. सातव्यांदा स्टेअरिंगवर नुसती दोन बोटं ठेवली. गाडी सरळ रेषेत थांबली, आणि बोटांना काही जाणवलं नाही. मोनाली मागच्या सीटवरून त्याची बोटं बघत होती. तानबा काही न बोलता तिला गॅरेजवर सोडून गेला, त्यामुळे ती रात्र तिची तळमळण्यात गेली.

सकाळी सात वाजता ती आली तर रस्त्याच्या कडेनं पिवळ्या व्हॅन उभ्या. तिनं मोजल्या: बारा. चालक घोळक्यानं उभे होते, आणि मध्ये अण्णाजी, धुवट धोतर, डोक्यावर टोपी. तिला पाहून त्यांनी सगळ्यांना हातानं गप्प केलं.

“आयका रे,” ते मोठ्यानं म्हणाले. “ठेल्यावर जे बोललो थे मीच बोललो, तं इथंबी मीच बोलतो. पोरीचं काम पयलेच बरोबर होतं. खराबी मी करत होतो. नावं मातर हिले ठेवली.”

सत्तरी उलटलेला माणूस चारचौघांत असं बोलतो, तेव्हा ऐकणाऱ्यांना कुठं बघावं कळत नाही. मोनालीला तर समोरचं काही दिसेनाच. तिनं बाहीनं डोळे पुसले, जॅक ओढत बाहेर आणला आणि तानबाकडे बघून ओरडली, “बगून काय राह्यले? पयली गाडी घ्या आत!”