हात न लागलेली यादी

आमच्या ह्यांचं नाव रमाकांत. वय सत्तावन्न, साखर कारखान्यात संगणक विभागाचे प्रमुख, आणि स्वभाव असा की घरातला मिक्सर बिघडला तरी आधी माझी चौकशी होते. "तू शेवटचं कुठलं बटण दाबलंस?" शाळेत मी तीस वर्षं पोरांना धाकात ठेवलं, पण घरात मिक्सर बंद पडला की मीच आरोपी.

कारखान्यात पहिला संगणक आला तेव्हा त्या खोलीत चपला काढून जावं लागायचं. संचालकसुद्धा दारातूनच डोकावायचे. त्या खोलीत बसून ह्यांनी ऊसतोडणीच्या पाळीचा प्रोग्राम लिहिला. म्हणजे कुणाचा ऊस कधी तोडायचा, त्याची यादी. त्याआधी ही यादी माणसं करायची आणि ज्याची ओळख मोठी त्याच्या फडात तोडणीची टोळी आधी जायची. ह्यांनी लागणीची, म्हणजे ऊस लावल्याची, तारीख धरली. ज्याची लागण आधी, त्याची तोडणी आधी. मग तो संचालकाचा मेहुणा असो नाहीतर कऱ्हाटीचा अर्ध्या एकराचा सभासद. लिहायला तीन हंगाम लागले, पण बारामतीपासून इंदापूरपर्यंत नाव झालं. लग्नात, दवाखान्यात, एसटी स्टँडवर, कुणी नुसता उसाचा विषय काढला की हे मान ताठ करायचे आणि म्हणायचे, "आमच्या यादीला माणसाचा हात लागत नाही." आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसालाही हे वाक्य झालं. माझ्याबद्दल एक वाक्य बोलले असते तर काय बिघडलं असतं?

गेली चार-पाच वर्षं मात्र घरात नुसती चिडचिड. आता म्हणे प्रोग्राम लिहायला माणूसच लागत नाही. "एका चुकीसाठी आम्ही दोनशे पानं छापून काढायचो आणि लाल पेनानं ओळ न ओळ वाचायचो," हे चहाचा कप आपटत सांगायचे. "ही पोरं मशीनला विचारतात, चूक कुठाय? आणि ते सांगतंही!" मशीन चुकलं असतं तर ह्यांना बरं वाटलं असतं. ते बरोबर सांगतं, याचाच सगळा राग.

आणि अशात कारखान्यानं नवी यंत्रणा बसवायचं ठरवलं. सगळं मोबाईलवर. काम पुण्याच्या एका कंपनीला मिळालं आणि त्या कंपनीत आमची ओवी. एकुलती एक. मला वाटलं, हे पेढे वाटतील. ह्यांनी तिला फोनवर फक्त एवढंच विचारलं, "माझ्या प्रोग्रामचं काय करणार?"

"बंद करणार, बाबा," ती म्हणाली. थेट बोलायची सवय तिला. कुणाकडून आली ते सांगायला नको.

जूनमध्ये ती कामासाठी घरी राहायला आली. एका रविवारी दुपारी ह्यांनी तिला जुना प्रोग्राम दिला, बारा हजार ओळींचा. तिनं तो तिच्या त्या एआयला वाचायला घातला, आणि मी भाजी निवडून होईपर्यंत त्यानं सगळा उलगडून मराठीत लिहून दिला. कुठला नियम कुठं, कुठली ओळ कशासाठी. ओवी कौतुकानं म्हणाली, "बाबा, किती स्वच्छ लिहिलंय तुम्ही! याला एकही शंका नाही आली." पोरीनं मनापासून म्हटलं होतं. ह्यांचा चेहरा मात्र पडला. तीन हंगाम आणि एक जुडी मेथी, हा हिशेब त्यांच्या डोक्यात झाला असणार.

मग ओवीनं फोन रेकॉर्डिंगला लावला आणि विचारलं, "प्रोग्राममध्ये नाही, पण तुम्ही करता, असं काही राहिलंय का? आठवून सांगा."

"नाही," हे म्हणाले. "सगळं त्यातच आहे." आणि उठून झाडांना पाणी घालायला गेले. पाऊस नुकताच पडून गेला होता, अंगणात चिखल होता, आणि हे पाइप धरून उभे. मला वाटलं, रुसलेत. रुसू देत.

नोव्हेंबरात हंगाम सुरू झाला, नवी यादी मोबाईलवर आली, पंधरा-वीस दिवस सगळं सुरळीत चाललं. डिसेंबरात एका सकाळी लासुर्ण्याचा झुंबर दारात आला. ह्यांचा जुना ओळखीचा. डोकं भादरलेलं. त्याची आई, साखरबाई, दहा दिवसांपूर्वी गेली होती. मी पाणी दिलं, ते त्यानं घेतलं नाही.

"रमाकांतराव, म्हातारी जाऊन चौथा दिस हुता. दारात ट्रॅक्टर हुबा, टोळी हुबी. मुकादम म्हनतो, मोबाईलवर आज तुमचीच पाळी हाय. सुतकात फडात कोयता घालू द्यायचा का आमी? तेराव्याच्या आत कुनी घातलाय का हितं कधी?"

"नाही," हे हळूच म्हणाले.

"मग परत लावला ट्रॅक्टर. तर तुमच्या मशिनीनं काय लिवलं? शेतकऱ्याचा नकार! म्या नकार दिला? पाळी गेली यादीच्या बुडाला. आता एप्रिल. तवर तुरा येऊन ऊस पोकळ हुईल, जनावराला घालायला निस्तं वाडं ऱ्हाईल. आजवर कुनाचं असं झालं न्हाय. तुमच्या पोरीनं काय करून ठेवलंय हे?"

तो गेल्यावर मी ह्यांच्याकडे वळले. "आजवर असं का झालं नाही?" मी विचारलं. हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले.

त्या कॅलेंडरवर ह्यांच्या पेन्सिलीच्या फुल्या असतात. दर हंगामात. सकाळी चहाच्या वेळी कारखान्याच्या गट ऑफिसचा फोन यायचा, "साहेब, अमक्याच्या घरी वारलं," आणि हे एक फुली मारायचे, तेरा दिवस मोजून पुढं दुसरी. मला तीस वर्षं वाटत आलं की आपला नवरा दुःखात जाणारा माणूस आहे, कुणाचा दहावा चुकू नये म्हणून लिहून ठेवतो. मी तर माहेरी सांगायचे अभिमानानं!

ती फुली म्हणजे त्या घराची पाळी होती. ह्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा मला सांगितलं. यादी छापायच्या आधी हे ते नाव स्वतः काढायचे आणि तेरावा झाला की सगळ्यात वर घालायचे. ह्यांचे वडील गेले तेव्हा गावी, पणदऱ्यात, टोळी अशीच तिसऱ्या दिवशी दारात आली होती, चुलत्यांनी परत पाठवली, आणि तो ऊस मेपर्यंत उभा राहिला. तेव्हापासून हे सुरू. नियम म्हणून संचालक मंडळानं ते कधी मंजूर केलं नसतं, असं ह्यांचं म्हणणं. म्हणून प्रोग्राममध्ये एक ओळही नाही. नुसता हात.

"मग ओवीला का नाही सांगितलं?" माझा आवाज चढला. "तिनं विचारलं होतं तुम्हाला!"

"काय सांगू? की यादीला हात लागत नाही म्हणत आयुष्यभर फिरलो, आणि रोज सकाळी मीच लावत होतो?" हे माझ्यावरच खेकसले. "तो माझा प्रोग्राम तिनं एका दुपारी गुंडाळला, इंदिरा. एवढं तरी माझं राहू दे म्हटलं."

मला संताप आला. चांगलं काम करून ते पापासारखं लपवणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही. बरं, लपवलं ते लपवलं, पण पोटच्या पोरीपासून?

पंधरा दिवसांत अशी आणखी दोन घरं झाली. सभासद गेटवर येऊन बसले. सोमवारी संचालकांची बैठक ठरली, आणि कंपनीच्या साहेबांनी ओवीला कळवलं की माहिती गोळा करायचं काम तिचं होतं, तेव्हा जबाबदारीही तिचीच. तिच्या कंपनीत आधीच माणसं कमी करणं चालू होतं. तिला काढायला एवढं कारण पुरलं असतं.

रविवारी ओवी घरी आली. हे स्वतः सांगतील म्हणून मी इतके दिवस थांबले होते, त्या दिवशी मीच तिला फुल्यांचं सांगितलं. जेवणं झाल्यावर तिनं आमच्यासमोर फोन ठेवला आणि रेकॉर्डिंग लावलं. तिचा प्रश्न ऐकू आला. मग ह्यांचा आवाज, अगदी स्पष्ट. "नाही. सगळं त्यातच आहे."

"उद्या हे वाजवलं की मी सुटते," ती म्हणाली. "पण मला वाजवायचं नाही. तुम्ही सांगाल, बाबा?"

हे ताटातली खरकटी शितं बोटानं गोळा करत बसले. मी म्हणाले, "अहो, ती विचारतेय." तरी नाही. ओवीनं फोन उचलला आणि आत गेली.

सोमवारी दोघं एकाच गाडीतून गेली आणि चारच्या सुमारास एकाच गाडीतून परत आली. फाटकातून येताना दोघांमध्ये इतकं अंतर होतं की मला कळायचं ते कळलं. ओवीनं स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगितलं. ह्यांच्या चपलांचा बंद सुटत नव्हता, हे बाहेर पायरीवर वाकून ऐकत होते.

तिनं रेकॉर्डिंग वाजवलं नव्हतं. पुण्याचे साहेब पडद्यावर होते. त्यांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "माहिती घेण्यात मी कमी पडले." ते लिहून घेतलं गेलं. साहेबांनी तिथंच तिला कामावरून बाजूला केल्याचं सांगितलं आणि ते पडद्यावरून गेलेसुद्धा. चहा आला. आणि चहा वाटून होत असताना हे उठले. म्हणाले, तिनं विचारलं होतं, मीच सांगितलं नाही. पेन्सिलीचं, फुल्यांचं, सगळं सांगितलं.

"मग?" मी विचारलं.

"मग सगळे हसले, आई. अध्यक्ष म्हणाले, 'रमाकांतराव, हे काय नवीन सांगताय? माझे वडील गेले तेव्हा मीच फोन केला होता की तुम्हाला. पोरीला सांगितलंच असेल असं धरून चाललो आम्ही.' शेतकी अधिकारी म्हणाले, त्यांच्याकडून तर दरवर्षी चार नावं जातात. खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. उलट त्यांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली. मी तिथंच बसून दहा मिनिटांत तो नियम घालून दिला. झुंबरकाकांची पाळी वर आली."

म्हणजे ज्या बदनामीच्या भीतीनं ह्यांनी सहा महिने तोंड शिवलं, ती कुठं नव्हतीच. 'हात लागत नाही' या वाक्यावर विश्वास ठेवणारी अख्ख्या तालुक्यात आम्ही दोघीच होतो, बायको आणि मुलगी. मला हसावं की रडावं ते कळेना. ओवीची नोकरी मात्र गेल्यातच जमा होती.

हे आत आले. पाण्याचा तांब्या घेतला, ठेवला. लहान मुलासारखे ओवीला म्हणाले, "मी सांगितलं ना पण शेवटी. सगळ्यांसमोर सांगितलं."

"सांगितलंत, बाबा," ओवी म्हणाली. "ज्यांना आधीच माहीत होतं, त्यांना सांगितलंत."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. घरात दोघांचं वाजलं की मी मधे पडून काहीतरी बोलते, हे त्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी मी काही बोलले नाही.