चिपसेटवरची पुसलेली धूळ

मी मूळचा दापोलीकडचा. आमच्याकडे प्रत्येक पऱ्ह्याला, म्हणजे ओढ्याला, प्रत्येक वळणाला कुणी ना कुणी 'असतं' म्हणतात... मी ट्रकवर क्लीनर होतो, सगळे घाट पालथे घातले, पण मला कधी कुणी दिसलं नाही. त्यामुळे इथले भुताखेताचे अनुभव वाचून मी हसायचो — राग मानू नका. आठवीत शाळा सुटली, एवढं लिहायची सवय नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

बऱ्याच वर्षांपूर्वी शहागडला, गोदावरीच्या पुलाजवळ आमच्या ट्रकचं इंजिन बसलं. ड्रायव्हर "थांब, मिस्त्री घेऊन येतो" म्हणून गेला तो आलाच नाही. तिथल्या टपरीवर उत्तमकाका भेटले. वडीगोद्रीला हायवेलगत त्यांचं लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान. त्यांनी चहा पाजला, घरी नेऊन जेवू घातलं आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, "गावाकडं जायचं तं जा. ऱ्हायचं तं झाडू त्या कोपऱ्यात हाय." मी राहिलो. आज जे चार घास खातो ते त्या माणसामुळे.

दुकानातला कॉम्प्युटर जुना. काका त्यालाच पळवायचे — म्हणजे ओव्हरक्लॉक. बायोस नावाच्या सेटिंगच्या पानात जाऊन बोर्डावर माहितीची ने-आण करणाऱ्या बसचा वेग वाढवायचा, आणि तो वेग पेलावा म्हणून ती ने-आण सांभाळणाऱ्या चिपचं, चिपसेटचं, व्होल्टेज थोडं चढवायचं. व्होल्टेज चढलं की चिपसेट तापतो. फार तापला की मशीन लटकतं, म्हणजे हँग होतं, नाहीतर सरळ बोर्डच जातो. त्या बोर्डावर चिपसेटच्या टेम्परेचरचा आकडा भलताच दिसायचा, म्हणून काका कॉम्प्युटरचा डबा उघडाच ठेवायचे आणि चिपसेटच्या हीटसिंकवर, त्याला गार ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर, उलटी बोटं टेकवायचे. लेकराचा ताप बघावा तशी.

त्यांची एक पद्धत होती. दिवसभर न लटकता चालेल अशी सेटिंग सापडली, की वेग आणि व्होल्टेज दोन्ही एकेक पायरी खाली आणायचे. पायरीला ते 'घर' म्हणायचे.

"एक घर मागं ये, कोकण्या."

"चालतंय की काका, मस्त!"

"आत्ता चालून राह्यलं. वैशाखात दुपारच्याला चालंल का? ते घर उन्हाळ्याचं हाय. तिथं आपण बसायचं न्हाई."

मागच्या दिवाळीनंतर काका झोपेतच गेले. मी तेव्हा आईकडे दापोलीला. येईपर्यंत सगळं उरकलं होतं. काकू एवढंच म्हणाल्या, "आता तूच बघ बाबा. शटर बंद नको ठेवू." दुकानावरच त्यांचं घर चालायचं. मी हो म्हणालो आणि त्या दिवसापासून रोज शटर उघडतोय. कुणी सेटिंग छेडू नये म्हणून मी बायोसला पासवर्डही टाकला. कुणाला सांगितला नाही.

उन्हाळ्यात शहागडच्या एका लग्नाचं काम आलं. नवरीचे वडील, बापू, अंथरुणाला खिळलेले, त्यांना मांडवात येता आलं नव्हतं. मोठ्या ऑपरेशनसाठी मुंबईला न्यायचं होतं, आणि त्याआधी त्यांना पोरीचं लग्न बघायचं होतं. नवरीचा भाऊ रोज दारात.

"भाऊ, मशीन चालून राह्यलं का झोपलं? बहिणीला लेकरू होईस्तोवर देता का पेनड्राइव्ह?"

"होतंय दादा, होतंय."

मग त्याचा आवाज उतरला. "ऑपरेशनचं काही सांगता येतंय का... बापूला बघू द्या एकदा."

मी घाबरलो. नव्या कॅमेऱ्याचं शूटिंग जड, मशीन रांगत होतं. मी बायोसमध्ये गेलो आणि काकांनी मोकळं ठेवलेलं ते उन्हाळ्याचं घर घेतलं. वेग एक घर वर, व्होल्टेजही. काम पळायला लागलं. संध्याकाळी मेन स्विच बंद करून शटर ओढलं.

सकाळी मशीन पुन्हा हळू. बायोस बघितलं — वेग आणि व्होल्टेज, दोन्ही एक घर मागे.

वाटलं, सेव्ह करायचं राहिलं असेल. पुन्हा चढवलं, नीट सेव्ह केलं. दुसऱ्या सकाळी तेच. चावी आणि पासवर्ड माझ्याकडेच, काकू लेकीकडे केदारखेड्याला गेलेल्या. आणि आमच्याकडे हायवेची धूळ रात्रीतून सगळ्यावर बसते. उघड्या डब्यात सगळीकडे ती बसलेली होती, फक्त चिपसेटच्या हीटसिंकवर पुसल्यासारखी जागा होती... उलट्या बोटांच्या पेरांएवढी.

मी बघितलं आणि नजर वळवली. खरं सांगतो, मला भुताची नाही, बापूंची मुंबईची गाडी आधी निघून जाईल याची भीती वाटत होती. अंबडच्या एका हार्डवेअरवाल्या मित्राला फोन केला.

"बोर्डावरचा सेटिंग धरणारा सेल गेला असंल बे. बदल ना. डोकं कायले लावतो?"

बदलला. सेटिंग पुन्हा चढवली.

सकाळी सेटिंग जशीच्या तशी! मी केवढा खूश झालो. हीटसिंककडे सहज लक्ष गेलं. धूळ सारखी बसलेली, कुठेही पुसलेली नाही. तेव्हा मला ती खूण वाटली नाही. सेल बदलल्याचा गुण वाटला.

दुपारी ऊन तापलं, आणि मशीन लटकलं. मग काळा पडदा, जळकट वास. मी उलटी बोटं चिपसेटवर टेकवली ती चटका बसून मागे आली. बोर्ड गेला होता.

शूटिंग वेगळ्या डिस्कवर होतं म्हणून वाचलं. मित्राच्या मशीनवर उरलेलं काम केलं आणि बापू मुंबईला निघायच्या सकाळी पोचवलं. नवरीच्या भावाचा गाडीतून फोन आला, "बापू मोबाईलवर दुसऱ्यांदा बघून राह्यलेत. म्हणतेत, पोरगी बिलकुल रडली न्हाई हो!" ऑपरेशनही नीट झालं. ते सगळं सुखरूप पार पडलं, त्याबद्दल काहीच तक्रार नाही.

काकू परत आल्यावर त्यांना घडलं ते सगळं सांगितलं. घरं, धूळ, सेल. त्यांनी तो मेलेला बोर्ड हातात घेतला. मग म्हणाल्या, "मंग सेल बदललास कशाला रे?"

रागाने नाही म्हणाल्या. तेच जास्त लागलं.

तुमच्यातले जाणकार सेलचाच दोष म्हणतील. पण सेल गेला तर मशीनचं घड्याळ मागे पडतं, आमचं तर रोज बरोबर होतं. सेटिंग उडाली तर सगळी कंपनीच्या मूळ आकड्यांवर जाते, मोजून एक घर मागे येत नाही. आणि धूळ? ती काही सेल पुसत नाही.

आता दुसरं मशीन आहे. त्यात चिपसेटचा आकडा बरोबर दिसतो, पासवर्ड मी टाकलेला नाही, उन्हाळ्याचं घर मोकळं असतं आणि डबा उघडाच ठेवतो. रोज शटर उघडलं की झाडू हातात घ्यायच्या आधी मी हीटसिंककडे बघतो. धूळ सगळीकडे सारखी बसलेली असते... मग मीच उलटी बोटं टेकवतो. आणि कामाला लागतो.