भर बाराची विहीर आणि आत्यांचं सोयाबीन

दसरा झाला होता, परीक्षा अजून लांब होती, आणि आमच्या बारा मिनिटांच्या भुताला प्रेक्षक हवे होते. एवढ्या कारणावर आम्ही तिघांनी तीन दिवसांचा दौरा ठरवला: धाराशिव, नळदुर्ग, येरमाळा आणि परत धाराशिव.

तिघं म्हणजे कोण, ते आधी सांगते. मी वैष्णवी, लेखिका आणि दिग्दर्शिका (हे शब्द मी मुद्दाम मोठ्यानं म्हणते, लोकांना सवय लागावी म्हणून). तेजसकडे कॅमेरा आहे, म्हणून तो कॅमेरामन. आणि ऋतुजा आमचं भूत. तिघंही धाराशिवच्या एकाच कॉलेजात, शेवटच्या वर्षाला. आमच्या फिल्मचं नाव ‘तिसरा पोहरा’. एक बाई भर दुपारी बाराला विहिरीवर पाणी शेंदायला येते. पहिला पोहरा पाण्यानं भरून येतो, दुसरा रिकामा येतो, आणि तिसरा ओढवत नाही इतका जड लागतो. त्यात काय असतं ते इथं फोडत नाही. आमच्याकडे टळटळीत दुपारची वेळ वाईटच मानतात, त्यामुळे गोष्ट दुपारची केली. शिवाय आमच्याकडे लाइट नव्हते, हेही खरं.

कॉलेजमध्ये अशा तीन फिल्म झाल्या होत्या. रविवारी सभागृहात तिन्ही दाखवायच्या आणि प्रेक्षक ज्या फिल्मला जास्त मतं देतील ती पुण्याच्या स्पर्धेला जाणार. म्हणजे काम सोपं होतं, जिल्ह्यात बोभाटा करायचा आणि माणसं गोळा करायची. बोभाट्यात मला कुणी हरवत नाही.

आठ दिवस आधीच आम्ही एक रील सोडली होती आणि दोन बॅनर छापले होते. आमच्याकडे बॅनरची एक रीत आहे. कार्यक्रमाला नुसती सतरंजी दिलेल्या माणसाचासुद्धा गोल फोटो खाली टाकतात, नाहीतर तो वर्षभर बोलत नाही. आमची विहीर होती तेजसच्या सुमन आत्यांची. त्यांनी शूटिंगला विहीर दिली, दोन दिवस जेवू घातलं, ऋतुजाला स्वतःचं जुनं लुगडं दिलं. मग बॅनरवर विहिरीकाठी केस सोडून बसलेली ऋतुजा, आणि खाली हसतमुख आत्या, ‘विहीर सौजन्य : सौ. सुमनबाई’, शेजारी गावाचं नाव. छपाईवाला म्हणाला, “ताई, वर जागा मोकळी दिसतीय, काहीतरी टाका की.” मी म्हटलं, “टाका, सत्य घटनेवर आधारित.” घटना कुठलीच नव्हती. पण लाल अक्षरात फार छान दिसलं. एक बॅनर कॉलेजच्या गेटवर लागला, दुसरा तेजसनं येरमाळ्याला आत्यांच्या गावाच्या फाट्यावर बांधून टाकला.

पहिल्या दिवशी सकाळी सातच्या एसटीनं नळदुर्गला निघालो. आम्हा दोघींना अर्धं तिकीट, तेजसला पूर्ण, त्यामुळे तुळजापूर येईपर्यंत तो फुगून बसला होता. दीड-पावणेदोन तास धरून चला, तुळजापुरात गाडी रेंगाळते. नळदुर्गला उतरलात की आधी किल्ला उरका, कारण अकरानंतर दगड तापतो. पाऊस चांगला झाला असेल तर ऑक्टोबरातही पाणी महालाच्या वरून नदी खाली पडताना दिसते, आणि तुम्ही बंधाऱ्याच्या पोटातल्या खिडकीत कोरडे उभे असता. तेजसनं तिथं चाळीस मिनिटं कॅमेरा लावला. त्याला हाताला धरून बाहेर काढावं लागलं.

दुपारी तिथल्या एका कॉलेजात फिल्म दाखवली. साठएक पोरं होती. तिसऱ्या पोहऱ्याला मागच्या बाकावरून अशी किंकाळी आली की शिपाई धावत आला. मी खुर्चीत बसल्या बसल्या फुगले. पुणं काय, आता मुंबईसुद्धा लांब नाही, असं मला मनापासून वाटलं.

जेवण हायवेच्या ढाब्यावर. शेवभाजी, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, माणशी एकशेवीसच्या आसपास. ढाब्याच्या काकांनी मोबाइलवर रील दोनदा पाहिली.

“खरं घडलंय व्हय हे?”

ऋतुजाच्या तोंडात घास होता, तिनं मान डोलावली. मी म्हटलं, “शंभर टक्के, काका. येरमाळ्याच्या बाजूला.”

“आरं बापरे. थांबा, डायवर लोकांच्या ग्रुपवर टाकतो. हैदराबादपोत्तर जातंय का न्हाय बगा.”

त्यांनी ताकाचे पैसे घेतले नाहीत. मुक्काम ऋतुजाच्या मावशीकडे केला आणि फार छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी उलटं धाराशिवला आलो. स्टँडजवळ गुलाबजाम खाल्ले (खाल्ल्याशिवाय पुढं जाऊ नका) आणि येरमाळ्याची गाडी पकडली. येडशीनंतर डोंगर लागतो, खिडकी उजवीकडची घ्या. आमच्या पुढच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या.

“सुमनबाईच्या हिरीवर बाई निघती म्हणं. भर बाराला.”

“आगं, ब्यानरच लावलाय. तिचा फोटू बी हाय त्याच्यावर.”

“तिला म्हाईत आसल की मग.”

आम्ही तिघं एकमेकांना कोपरं मारून हसत होतो. तेजसनं गुपचूप त्यांचा आवाज रेकॉर्ड केला, पुढच्या रीलसाठी. येरमाळ्यात उतरून येडेश्वरीच्या पायऱ्या चढलो, दर्शन घेतलं, आत्यांसाठी पेढे घेतले, आणि फाट्यावरून जीप धरली. जीपवाल्यानं विहिरीच्या वाटेवर सोडायला साफ नकार दिला. त्यावरही आम्ही हसलो.

आत्यांच्या रानात पोचलो आणि माझं हसू गेलं.

आजूबाजूची सगळी रानं मोकळी झाली होती. कुठं सोयाबीनचे ढीग झाकून ठेवलेले, कुठं मळणीयंत्र चालू. फक्त आत्यांचं चार एकर उभं होतं. पानं गळालेली, शेंगा वाळून तपकिरी. उन्हात उभं राहिलं की आवाज यायचा, तड, तड. शेंगा जागेवर फुटत होत्या आणि दाणे मातीत जात होते. आत्या एकट्याच विळा घेऊन वाकल्या होत्या. तीन दिवसांत त्यांनी बांधालगतच्या काही ओळी काढल्या होत्या.

त्या उठल्या, हात धुतले, आम्हाला चहा केला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तेजसनं विचारलं, “आत्या, गयाबाईंची टोळी कुठाय?”

“न्हाय येत.” त्या चहा गाळत म्हणाल्या. “धा वर्षं त्याच ठरल्या पैशात उक्तं घेत्यात आपलं रान. औंदा म्हणल्या, पैका नको पर तिथं नको. दुसरी टोळी बगितली, ती बी न्हाय म्हणली.”

“मामा?” म्हणजे आत्यांचे यजमान.

“त्यांची ड्युटी लांबच्या गाडीवर. कंडक्टरला कोण सुट्टी देतंय सीझनला?” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुमचा सिनिमा चांगला झाला का गं?”

मला रडू आलं. खोटं सांगत नाही, पेढ्याचा पुडा हातात धरून मी रडले. त्यांचं वर्षाचं पीक मी बॅनरवरच्या एका मोकळ्या जागेसाठी मातीत घालवत होते. आत्या म्हणाल्या, अजून दोन दिवस असंच ऊन राहिलं तर काढण्यासारखं काही उरणार नाही.

पण मी फार वेळ रडणारी नाही. डोळे पुसले आणि म्हटलं, चला गयाबाईंकडे, मी समजावते. मला वाटलं पाच मिनिटांचं काम आहे.

गयाबाई पन्नाशीच्या, उंच, आठ बायकांची टोळी चालवतात. ओसरीत बसवून त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

“मावशी, सगळं खोटं आहे. मी घरी बसून लिहिलंय.”

“मग ब्यानरवर खरं हाय आसं कुणी लिवलं?”

“मीच.”

“मग तू तवा खोटं बोलत हुतीस का आत्ता?”

मग मी दुसरी चूक केली. म्हटलं, फिल्मच दाखवू, म्हणजे कळेल नाटक आहे. टोळीतल्या बायका जमल्या, लॅपटॉप उघडला. तिसऱ्या पोहऱ्याला दोघी उठून बाहेर गेल्या आणि एकीनं ऋतुजापासून सरकून पोराला कडेवर घेतलं. आपली फिल्म चांगली झाल्याचं वाईट मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

ऋतुजा आमच्यात शहाणी. ती मेकअपची पिशवी घेऊन ओसरीच्या मधोमध बसली. मैदा कालवला, तोंडाला फासला, डोळ्याखाली काजळ ओढलं, ओठांच्या कडेला बीटाचा रस लावला. सगळ्यांच्या देखत दहा मिनिटांत भूत तयार झालं, आणि म्हणालं, “मावशी, पाणी मिळंल का? मैदा लई खाजतोय.”

बायका खो खो हसल्या. मला वाटलं सुटलो.

गयाबाईसुद्धा हसल्या, पण मान हलवली. “ही पोरगी हाय ते कळलं मला. पर तुमी भर बाराला तिथं जाऊन तिसरा पोहरा, तिसरा पोहरा केलं. नसलेलं बोलावल्यावर आलं आसंल तर? माझ्या बरुबर आठ बाया हायत्या. त्यास्नी काय झालं तर त्यांच्या घरी मी काय सांगू?”

हे मला पटलं. भुताचं नाही, आठ बायकांचं. मी विचारलं, “मग काय केलं म्हणजे तुम्ही याल?”

त्यांनी जरा विचार केला. “उद्या बाराला आमी बांधावर येतो. तीन पोहरे काढायचे. हिनं न्हाय, तू. लिवलंस तू. आन् त्या आदी ब्यानरवरचं तुझ्या हातानं पुसायचं. चार लोकांत सांगायचं, म्या खोटं लिवलं.”

खरं सांगायचं तर तेजस मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, “वैशू, रविवारची गर्दी त्याच एका ओळीवर येणारंय.” मलाही ते माहीत होतं. पण आत्यांच्या रानातली ती तडतड माझ्या कानातून जात नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर स्टुलावर उभी राहून मी काळ्या ऑइलपेंटनं ‘सत्य घटनेवर आधारित’ पुसलं. चहाच्या टपरीवर दहा-बारा जण होते. त्यांना सांगितलं, “हे मी खोटं लिहिलं होतं. विहिरीत पाण्याशिवाय काही नाही.” एक आजोबा म्हणाले, “आगं मग आमी चार दिस त्या वाटंनं गेलो न्हाय की.” बाकीचे हसले. माझे कान लाल झाले होते, पण मी स्टुलावरून सावकाश उतरले. जीपवाल्यालाही ते पुसलेलं मुद्दाम दाखवलं.

बाराला विहिरीवर. बांधावर नऊ बायका विळे घेऊन उभ्या होत्या, आत जायला कुणी तयार नव्हतं. एरवी त्या विहिरीवर मोटरच चालते, कप्पी आणि दोर आम्हीच फिल्मसाठी लावलेला. पहिला पोहरा मी झटक्यात काढला. दुसराही काढला, जरा हसून सुद्धा दाखवलं. तिसरा खाली सोडला आणि ओढायला लागले, तर तो जड लागला.

मी ती गोष्ट स्वतः लिहिली आहे. शेवटी काय येतं ते मलाच सगळ्यात आधी माहीत होतं. तरी दोर सोडून पळावं असं वाटलं. मी कुणाकडे न बघता ओढत राहिले. पोहरा वर आला. पाणीच होतं, काठोकाठ. तिसऱ्या वेळेला हात दमलेले असतात, एवढंच.

गयाबाई पुढं आल्या, ओंजळ धरली. मी पाणी ओतलं, त्या प्यायल्या, तोंडावर हात फिरवला आणि म्हणाल्या, “घाबरलीस व्हय?”

“लई,” मी म्हटलं.

“मग खरंच तू लिवलंस. भ्या तुझ्याच पोटातलं हाय, हिरीतलं न्हाय.” आणि मागं वळून ओरडल्या, “चला गं, धरा पाती!”

पात म्हणजे एका बाईच्या वाट्याच्या ओळी. आम्हालाही एकेक पात मिळाली. ऋतुजानं बायकांना हसवायला पुन्हा मैदा फासून काढणी केली, उन्हात त्याची पापडी झाली. माझी पात शेवटपर्यंत सगळ्यांच्या मागं होती, आणि टोळीतली सगळ्यात लहान सून परत येऊन माझ्या ओळी काढून द्यायची. संध्याकाळपर्यंत अडीच एकर आडवं झालं. उरलेलं टोळीनं दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत उरकलं. आम्ही मुक्काम वाढवून त्यांच्या हाताखाली पेंढ्या वाहिल्या.

सगळं वाचलं असं सांगणार नाही. रास झाली तेव्हा आत्यांनी फोन केला, गेल्या वर्षीपेक्षा चार पोती कमी भरली. मातीतले दाणे कुणी वेचून आणत नाही. मी माफी मागितली तर म्हणाल्या, “पुढच्या टायमाला माझा फोटू नको टाकू, इतकंच कर.”

कॉलेजच्या बॅनरवरची ओळही मी पुसली, आणि रविवारी सभागृह अर्धं भरलं. आम्ही दुसरे आलो. हॉस्टेलच्या मेसवरची विनोदी फिल्म पुण्याला गेली. आमची जास्त चांगली होती, हे मी आजही म्हणते. किंकाळ्या आल्याच, आणि त्या लाल अक्षरांशिवाय आल्या. हातावरचे विळ्याचे वण आठवडाभर राहिले, आणि त्या वणांचा मला किल्ल्यावरच्या फोटोंपेक्षा जास्त अभिमान वाटतो.

रील मात्र अजून फिरतेय. मी ती काढून टाकली, तरी कुणाकुणाच्या फोनमध्ये आहेच. रोज एखादा मेसेज येतो, “लोकेशन पाठवा, आम्हाला पण बाराला तिथं शूट करायचंय.” त्या सगळ्यांना इथंच सांगते. नळदुर्गला जा, सकाळी जा. धाराशिवला गुलाबजाम खा. येरमाळ्याला देवीच्या पायऱ्या चढा. पुढचा रस्ता मी सांगणार नाही. त्या रानात आता हरभरा उगवलाय. गयाबाईंची टोळी खुरपायला येते आणि भर बाराला त्याच विहिरीच्या काठावर भाकरी सोडून बसते. त्यांना निवांत जेवू द्या.