बारदाना वजा करून

दोन हजार आठ-नऊचा सुमार असेल. गोंदियात राइस मिलसाठी सॉफ्टवेअर बनवणारं आमचं तीन खोल्यांचं ऑफिस टाइल्सच्या दुकानावर होतं. खिडकीतून कोंड्याचा वास यायचा. आजही तो कुठे आला की जीव हळवा होतो.

वजनकाट्याचा प्रोग्राम आमच्या प्रोग्रामला कसा जोडायचा, याचं एपीआय डॉक्युमेंटेशन मी लिहिलं होतं. दीडच पान, आणि त्याचा मला अभिमान. नागपूरच्या एका अनुभवी प्रोग्रामरने ते वाचून एका दुपारीच काम उरकलं, तेव्हा तर मी फुगलोच.

मग दवनीवाड्याची एक मुलगी तीन महिन्यांच्या बोलीवर लागली. धानाच्या शेतकऱ्याची लेक, पहिलीच नोकरी. तिने जोडणी केलेल्या मिलमधून तक्रार आली, प्रत्येक गाडीचं धान कमी दिसतं.

"काय केलंस गं?"

"काही नाही सर. बारदाना कापला ना."

रिकाम्या पोत्यांचं वजन वजा केल्याशिवाय धानाचं वजन सांगायचं नाही, ही तिच्या घरची रीत. आमचा प्रोग्रामही ते वजा करत होता. नागपूरकराला बारदाना माहीतच नव्हता, म्हणून त्याचं बरोबर आलं. माझ्या पानावर एवढंच होतं: वजन, किलोत.

आमच्या ऑफिसच्या मालकांनी विचारलं, "लड़की की गलती है?"

"नई है," मी म्हणालो. पानाबद्दल बोललो नाही. आठवड्याभरात तिला घरी पाठवलं.

त्यानंतर मला ते पान बघवेना. नव्याने लिहिलं. आधी एका कट्ट्याचं, म्हणजे भरलेल्या पोत्याचं, उदाहरण: काट्यावरचा आकडा तसाच पाठवा, बारदाना आम्ही वजा करू. जाणत्यांसाठी मागे तक्ता. मग मालकांना खरं सांगितलं. "पहले बोलना था ना! बुला लो," ते म्हणाले.

पानं घेऊन दवनीवाड्याला गेलो. माफी मागितली. तिने सगळं वाचलं.

"हे आधी कायले नाही लिवलं सर?"

"वाटलं, वाचणाऱ्याला माहीत असेल."

"मुर्री गावच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवून राहिली मी. आता नाही येत." मग पेन मागून तिने जोडणीसाठी लागणाऱ्या परवलीच्या आकड्याच्या ओळीवर खूण केली. "इथं 'टोकन घ्या' लिवलं. कुठून घ्या, ते नाही. मी दोन दिवस अटकली होती."

दोन दिवस ती माझ्या शेजारच्याच टेबलावर बसली होती. तिने विचारलं नाही, असं मी इतके दिवस मनाशी म्हणत होतो. तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "पानात आहे, वाच," असं मीच म्हणालो होतो.