कोथिंबिरीपासून शेवग्यापर्यंत

आमच्या घरामागच्या जागेचा नकाशा मी आयुष्यात दोनदा काढला. पहिला, संगमनेरला हे घर बांधून झालं तेव्हा. दुसरा गेल्या ऑक्टोबरात, बायको गेल्यानंतर आठ महिन्यांनी.

जागा फार नाही. स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून कोपऱ्यातल्या शेवग्यापर्यंत माझी पस्तीस पावलं भरतात. पहिल्या नकाशाच्या वेळी शेवगा नव्हता, नुसती मुरमाड माती आणि बांधकामातल्या विटांचे तुकडे होते. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. ग्रंथालयातून परसबागेवरचं एक पुस्तक आणलं, आलेखाचा कागद घेतला आणि दोन संध्याकाळी बसून नऊ सारखे वाफे आखले. तीन ओळी, प्रत्येकीत तीन वाफे, मधून हात-हात रुंदीच्या वाटा. उत्तर दिशेचा बाणही काढला. शाईने भाज्यांची नावं लिहिली आणि कागद तिच्यापुढे ठेवला.

ती कणीक मळत होती. हात परातीतच ठेवून तिने बराच वेळ कागद पाहिला.

"छान आहे. पाणी कुठून येणार?"

"मोटर इथे, दाराशी आहे ना."

"ते दिसलं. इथून या मधल्या ओळीत कसं जाणार?"

मी पुस्तकात पाहिलं. पुस्तकात त्याबद्दल काही नव्हतं. तिने हात धुतले, बादलीभर पाणी घेतलं आणि मागच्या पायरीवरून जमिनीवर ओतलं. आम्ही दोघं उभं राहून पाहत होतो. पाणी थोडं थांबलं, डावीकडे वळलं, भिंतीच्या कडेकडेने गेलं आणि त्या कोपऱ्याच्या दिशेने जात जात जिरलं. माझ्या नऊपैकी दोनच वाफे त्याच्या वाटेत होते.

"अहो, तुमच्या बागेला पाणी पाजायचं तर मला डोक्यावर घागर घेऊन फिरावं लागेल," ती म्हणाली. "ते मी माहेरी पुष्कळ केलंय."

तिचं माहेर जामखेडकडचं. वडील शाळामास्तर, थोडी कोरडवाहू जमीन. उन्हाळ्यात तिथे टँकर यायचा आणि घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला किती हंडे, हे तिची आई ठरवायची. माझ्यासारख्या प्रवरेच्या काठच्या माणसाला वाटतं, पाणी असतंच. तिला ते तसं कधीच वाटलं नाही.

तिने वाफे आखले ते पाण्याच्या मागून चालत. एकच लांब पाट, आणि त्याच्या कडेने एकामागून एक वाफे. क्रम तहानेचा होता. जिला पाणी रोज हवं ती भाजी मोटरीजवळ, जिला कमी चालतं ती लांब. मध्येच लाईट गेली तर शेवटचे वाफे कोरडे राहणार, म्हणून शेवटी तेच लावायचं ज्याला एक पाळी चुकली तरी राग येत नाही. शेवगा तिने अगदी टोकाला लावला. तो म्हणे कुणाकडे काही मागत नाही.

मला बागेत एकच काम होतं. मोटरीचं बटण मागच्या दाराच्या आत आहे. तिथे खुर्ची टाकून मी पुस्तक वाचत बसायचो. ती कुदळ घेऊन दारं धरायची, म्हणजे एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीने बुजवायचं आणि पुढच्याचं उघडायचं. वाफा भरला की ती हाक द्यायची. "कोथिंबीर झाली." थोड्या वेळाने, "मेथी झाली." मला त्यावर काहीच करायचं नसायचं. माझ्या कामाची हाक शेवटची, "बंद करा."

"बाकीचं मला कशाला सांगतेस?" मी एकदा विचारलं.

"तुम्हाला कोण सांगतंय? मी मेथीला सांगते."

पाणी एक दिवसाआड असायचं, सकाळी साडेसातला. मला सवय आहे, जिथे वाचन थांबतं तिथे समासात पेन्सिलीने बारीक तारीख लिहितो. नोकरीत दुसऱ्यांनी पुस्तकांवर केलेल्या खुणा खोडण्यात माझी वर्षं गेली, पण स्वतःच्या पुस्तकांत मी ते सुख घेतो. त्यामुळे आमची बाग मला पानांमध्ये ठाऊक होती. मोटर चालू केल्यापासून "बंद करा" येईपर्यंत वीस-बावीस पानं व्हायची. उन्हाळ्यात दोन-तीन जास्त.

तिच्या शेवटच्या हिवाळ्यात पाणी हळू झालं. मी तेव्हा एका जाड इतिहासग्रंथाचा पहिला खंड वाचत होतो. दिवाळीनंतर एका पाळीला पंचवीस-सव्वीस पानं होऊ लागली, पौषात तीसच्या पुढे गेली. हाकाही कमी झाल्या होत्या. कोथिंबीर, मेथी कधी ऐकू यायची, कधी नाही. एकदम "बंद करा" यायचं, आणि तेही इतकं हळू की मला कान द्यावा लागायचा.

"बोअरचं पाणी खाली गेलेलं दिसतंय," मी एकदा चहा घेताना म्हणालो.

ती पायरीवर बसून पायाची माती काढत होती. "असेल," म्हणाली.

मी मोटरवाल्याला बोलावलं. त्याने पाईप वर काढला, पाहिला, पुन्हा खाली सोडला. म्हणाला, सर, सगळं ठीक आहे. तो गेल्यावर मी म्हणालो की याला काही कळत नाही. पुण्याहून मुलगी फोनवर म्हणाली की जास्त ताकदीची मोटर घेऊन टाकू. उन्हाळ्याच्या आत बघू, असं ठरलं. खरं सांगायचं तर मला घाई नव्हती. सकाळी सलग दहा पानं जास्त मिळत होती.

फेब्रुवारीत एका दुपारी ती ओट्यापाशी कोसळली. हॉस्पिटलात डॉक्टर तरुण होते, सभ्य होते. हृदय मोठं झालंय, हे काही आजचं नाही, ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "गेल्या काही महिन्यांत यांना दम लागत होता का? काम करताना बसावं लागायचं का?"

मी म्हणालो, "नाही. रोज बागेत काम करत होती."

त्यांनी ते लिहून घेतलं. चौथ्या दिवशी पहाटे ती गेली. तो प्रश्न मात्र तिथून माझ्याबरोबर घरी आला. मी दिलेलं उत्तर मला खरंच वाटत होतं, तरीही.

पावसाळ्यात मागे कमरेएवढं गवत झालं. मी मागचं दार उघडत नव्हतो. सप्टेंबरात मुलगी आली, तिने खिडकीतून एक लांब साप पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी छोट्या ट्रॅक्टरवाल्याला बोलावून सगळं रान नांगरून घेतलं. मी आतल्या खोलीत होतो. बाहेर आलो तेव्हा शेवगा सोडून सगळं सपाट होतं. पाट नाही, बांध नाही, वाफ्यांच्या कडा नाहीत.

मुलीने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "बाबा, गवतच होतं हो."

"गवतच होतं," मी म्हणालो. तिला दोष देण्यासारखं काही नव्हतं. वाफे गवताच्या खाली होते, तिला दिसले नाहीत. मलाही दिसले नसते.

जाताना ती म्हणाली, "इथे पेव्हर ब्लॉक बसवून घेऊ. तुम्हाला सकाळी फिरायलाही होईल."

"एक हिवाळा दे मला. बाग होती तशी करून बघतो. नाही जमली तर ब्लॉक बसव."

"तुम्ही?" ती म्हणाली, आणि मग घाईने, "करा की."

तसा मी पुन्हा आलेखाचा कागद घेऊन बसलो. सगळ्या बाजू मोजल्या, शेवगा मांडला, मोटर मांडली, भिंतीकडेचा पाट काढला. पुढे हात चालेना. एवढी वर्षं ती बाग मी खुर्चीतून पाहिली होती. खुर्चीतून कोथिंबीर दिसायची, मेथीची कड दिसायची आणि त्यापुढे तिची वाकलेली पाठ. पलीकडे काय कुठे होतं, ते मी जेवत होतो, पण पाहिलं नव्हतं. घरात बागेचा एकच कागद होता, तो माझा, नऊ वाफ्यांचा.

दोन दिवस कागद तसाच पडून होता. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला सहज म्हणून मी खुर्ची मागच्या दाराशी नेली, मोटर न लावता बसलो आणि डोळे मिटले. पाहिलं नव्हतं, पण ऐकलं होतं. कोथिंबीर झाली. मेथी झाली. पालक झाला. मुळा झाला. मग कांद्याची पात, लसूण. वांगी. वांग्यांना वेळ लागायचा, तो वाफा मोठा असणार. मिरची झाली. वाल झाला. बंद करा. हाकांमधलं अंतर मला साधारण पानांत आठवत होतं, त्यावरून मी वाफ्यांच्या लांब्या धरल्या. दुपारपर्यंत कागद भरला. कोथिंबिरीपासून शेवग्यापर्यंत सगळं त्यावर होतं, आणि मला त्या दिवशी जेवण गेलं.

वाफे घातले ते आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींनी. त्या पाथर्डीकडच्या, ऊसतोडीला म्हणून आल्या आणि इकडेच राहिल्या. कागद त्यांनी आधी उलटा धरला, मग सुलटा.

"सर, ह्यात कुदळ कुठून मारायची त्ये सांगा. बाकीचं ऱ्हाऊ द्या."

मी सांगत गेलो, त्या बांध ओढत गेल्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "वांग्याला एवढा मोठा वाफा? बाईंचा हुता खरा एवढाच. तुमी कवा बघितला?"

"ऐकला," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं.

ट्रॅक्टरवाल्याने तीन सपाट दगड भिंतीकडे फेकले होते. मावशींनी ते उचलून आणले. "ह्ये बाईंचं हायत. एक मेथीच्या म्होरं हुता, एक वांग्यापाशी, एक मिरचीच्या कडंला. ठिवू ना तिथंच?"

चिखलात पाय ठेवायला असतील, असं मी धरलं. नकाशात तीन छोटे चौकोन काढले आणि बारीक अक्षरात लिहिलं, पाय ठेवायला.

बी पेरलं. पहिल्या दोन पाण्यांचं काही धरता येत नाही, कोरडी माती फार पिते. पण डिसेंबर लागेपर्यंत मेथी बोटभर वर आली होती, वांग्याच्या रोपांनी जीव धरला होता, माती ओलाव्याला सरावली होती. एका सकाळी मावशी म्हणाल्या, "सर, तुमी बटनापाशी बसा. पुस्तक घ्या तुमचं. मी धरते दारं."

मी त्याच ग्रंथाचा दुसरा खंड काढला. तीच छपाई, तेवढ्याच ओळी. मोटर लावली. मावशी हाका देत नाहीत, त्यामुळे मी सलग वाचत गेलो. बागेतून आवाज आला, "करा बंद." मी समासात तारीख लिहिली आणि सवयीने मागची पानं मोजली.

एकवीस.

मी पुन्हा मोजली. मोटर तीच होती, बोअर तीच. वाफे तेच, मीच आखले होते. वाचणारा वर्षभराने म्हातारा झालेला आणि चष्म्याचा नंबर वाढलेला.

"सर, पानी शेवग्याला चाललंय. बंद करा ना."

बटण बंद करून मी आत गेलो आणि पहिला खंड काढला. माझ्या पेन्सिलीच्या तारखा ओळीने होत्या. बावीस पानं. बावीस. पंचवीस. अठ्ठावीस. एकतीस. संक्रांतीच्या सुमाराला छत्तीस. जानेवारीच्या शेवटी एका तारखेपाशी मी प्रकरण संपल्याची खूणही केली होती, छोटीशी, समाधानाने केलेली.

बाहेर येऊन मी मावशींना विचारलं, "हे दगड इथे कधीपासून होते?"

"आदीच्या दिवाळीपासनं. मीच उचलून ठिवलं, बाईंनी सांगितलं तवा."

"कशाला?"

त्या कुदळीची माती काढत होत्या. "बसायला, सर. दम लई लागायचा त्यांन्ला. एक वाफा झाला का बसायच्या, पानी त्याच वाफ्यात चालू ऱ्हायचं, मंग उठायच्या. मी म्हनलं, सरांना सांगा. तर म्हनल्या, नको, वाचत्यात."

मी मेथीपुढच्या दगडापर्यंत गेलो आणि त्यावर बसलो. तिथून मागचं दार दिसतं. दारातली खुर्ची दिसते, आणि खुर्चीत कुणी वाचत बसलेलं असेल तर त्याचा वाकलेला माथाही दिसत असणार.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. बाग कशी आहे, म्हणाली. मेथी पुढच्या आठवड्यात काढायला येईल, मी सांगितलं. ब्लॉकचा विषय तिने काढला नाही.

"आणि पाणी पोचतं का शेवटपर्यंत? नवी मोटर राहूनच गेली बघा. आता बसवून घेऊ का?"

नकाशा माझ्यासमोर टेबलावर होता. त्या तीन चौकोनांजवळचे शब्द मी खोडरबराने पुसले होते. शाई नव्हती, पेन्सिलच होती, पण कागदावर दाब राहिला होता.

"पोचतं," मी म्हणालो. "मोटर नको. बोअरला काही झालंच नव्हतं."