आचऱ्याच्या लाल कोर्टावर

कोकण रेल्वेच्या नांदगावला गाडीतून उतरले तेव्हा स्टेशनवर मोजकीच माणसं होती. रात्रभर बसून कंबर धरली होती. बाहेर एकच रिक्षा उभी होती.

“खंय जावचा?”

“आचऱ्याला. एव्हलिन बाईंकडे.”

रिक्षावाल्याने माझी बॅग उचलली आणि तशीच हातात धरून उभा राहिला. “टेनिसवाली मॅडम? माझ्या भाचीक तिनांच शिकयल्यान. आता हात चलणत नाय म्हणतत. खरां?”

मी हो म्हटलं. त्याने बॅग मागे ठेवली आणि रिक्षा सुरू केली. दोन्ही बाजूंनी काजूच्या बागा, मध्येच चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची खाण, लाल धुळीने माखलेले ट्रक. अर्ध्या वाटेत टायर पंक्चर झालं. तो चाक बदलत होता आणि मी आंब्याच्या कलमांच्या सावलीत उभी राहून, पुढे जाऊन काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होते.

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. एव्हलिन व्यावसायिक टेनिस खेळायची तेव्हा काही वर्षं मी तिच्याबरोबर देशोदेशी फिरले. तेव्हा ती एकेरीत देशातली पहिली होती. आशियाई पातळीवर तिने दुहेरीचं पदक मिळवलं, ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीपर्यंत मजल मारली. खांदा गेल्यावर ती परदेशात प्रशिक्षक होऊ शकली असती. पण गावी येऊन तिने घरामागच्या माडांत कोर्ट बांधलं. चिरा कुटून त्याची लाल भुकटी पसरली आणि कोळीवाड्यातल्या मुलींना फुकट शिकवायला लागली. बूट, रॅकेट, प्रवास, सगळं तिचं. मुलीचं शिक्षण थांबवायला निघालेल्या बापाच्या दारात जाऊन बसायची. तिच्याकडे शिकलेल्या मुली आज शाळांत खेळ शिकवतात, पोलिसात आहेत.

मग तिच्या हातातून रॅकेट गळायला लागली. मज्जातंतूंचा हा आजार बरा होत नाही. हात गेले, पाय गेले, आता बोलणं आणि गिळणंही जात चाललं होतं. फोनवर तिच्या तुटक बोलण्यातून मला एवढंच कळलं होतं, “ये. आईला सांगायचंय. मला जमत नाही.”

दारात तिच्या आई, रेमेदी मावशी, उभ्या होत्या. “ये गो बाय. वाटेत तरास झालो मा?” त्यांनी मला आधी जेवायला बसवलं. बांगड्याचं तिखलं (घट्ट, तिखट कालवण) आणि भात. आतल्या खोलीत त्या एव्हलिनला गाळलेली पेज भरवत होत्या. प्रत्येक घोटानंतर ठसका.

संध्याकाळी एव्हलिनची खुर्ची कोर्टाच्या कडेला नेली. ती काही तरी बोलायची आणि मानसी नावाची तिची थोरली विद्यार्थिनी ते मोठ्याने सांगायची, “बाई म्हणतत, पाय आधी हलवा!” एकदा मानसीलाही कळलं नाही. एव्हलिनने पुन्हा सांगितलं, पुन्हा सांगितलं. शेवटी तिने डोळे मिटून घेतले. मुली चेंडू हातात धरून उभ्याच राहिल्या.

त्या दिवशी तिने मला सगळं सांगितलं. एक वाक्य सांगायला केवढा वेळ लागायचा. डॉक्टर अन्न देण्यासाठी पोटात नळी बसवायला म्हणत होते. नळीने दिवस वाढले असते, आजार हटला नसता. तिला नळी नको होती. तिला इथेच राहायचं होतं, मुलींचा आवाज येईल तिथे.

सकाळी मावशी नारळ खवत होत्या. मी शेजारी पाटावर बसले आणि सांगितलं.

“गोयात मोठ्या दवाखान्यात न्हेलां तर बरां होतलां,” त्या वर न बघता म्हणाल्या.

“नाही होणार, मावशी.”

“तू अंग चोळणारां. तुका काय कळता?” विळी बाजूला सरली. “म्हणजे मी माझ्या चेडवाक उपाशी मारू?”

उत्तर सोपं करून सांगायचा मोह झाला, पण मी तो आवरला. मी सांगितलं, ती उपासाने जाणार नाही, आजाराने जाणार. जेवढं उतरेल तेवढं द्यायचं, दुखू नये यासाठी औषधं आहेत, आणि जबरदस्तीने तिला नेलं तर ती तिथे एकटी असेल. त्यांनी सगळं ऐकलं. पदराने हात पुसले, चुलीवरची पेज वाटीत ओतली आणि आत गेल्या. मी दारात थांबले.

“नळी नको मा तुका? नको तर नको,” त्या एव्हलिनला म्हणाल्या. “पण पेज मीच भरवतलंय. तां माका सोडूक सांगू नको.”

एव्हलिन रडायला लागली. तिला डोळे पुसता येत नव्हते. मावशींनी वाटी खाली ठेवली आणि आपल्या पदराने पुसले.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी तिचे जिंकलेले सामने आठवू पाहिले. आठवले ते हरलेलेच. हरल्यावर ती नेटपाशी जाऊन समोरच्या मुलीचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवायची. त्या वेळी मला ते खिलाडूपण वाटायचं. आता वाटतं, तिला नुसतं कुणी तरी धरायला हवं असायचं. मी बरोबर असूनही जगभर ती एकटीच फिरत होती.

पुढच्याच महिन्यात ती गेली. वर्तमानपत्रांत पदकं छापून आली. महिन्याच्या मिसानंतर (मृतासाठीच्या प्रार्थनेनंतर) मावशींचा फोन आला.

“चेडवां अजून येतत गो. शिकवूक कोण नाय. कोर्टाच्या कडेक नुसती बसतत आणि जातत. तू येशीत?”

“मला टेनिस शिकवता येत नाही, मावशी.”



“मगे नुसती बसूक ये,” त्या म्हणाल्या.